ह्येका ऊन लागलाहा

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा मी आमच्या वेंगुर्ल्याच्या वाण्याच्या दुकानाकडे आशेने बघितलं होतं. हजार फूट सोडा, तिथे दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पायरीवर उभं राहावं लागतं. पुढे त्या निर्णयावर एवढा गदारोळ झाला की वाईन आमच्या तांदूळ-तुरडाळीच्या शेजारी काही येऊन बसली नाही. त्यामुळे ज्याला बिस्किटांच्या आणि फिनेलच्या मधल्या कपाटातून निवांत वाईन निवडायची हौस आहे, त्याने पत्रादेवी ओलांडून गोव्यात जावं.

मे महिन्यात आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मी आणि पुण्याचे साडूभाऊ. साडूभाऊंनी कुठेतरी दोन दिवसांचं वाईनचं शिबिर केलंय, तेव्हापासून ते पाण्याचा ग्लाससुद्धा गोल फिरवून पितात. म्हापशाच्या सुपरमार्केटात मी दोन बाटल्या उचलल्या: अडीचशेच्या आतली गोव्याची पोर्ट आणि पाचशे दहाची नाशिकची शिराझ. पोर्ट बघून साडूभाऊंनी डोळे मिटले. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली, तिच्यात ब्रँडी घालून आंबणं मधेच थांबवतात, म्हणून गोडी शिल्लक राहते, वगैरे मला शाम्पूच्या रांगेत ऐकवलं. त्यांची स्वतःची बाटली आधीच घेतलेली होती. चिलीची कॅबर्ने सोविन्यो, साडेसोळाशेची. परदेशी वाईनवर दीडशे टक्क्यांपर्यंत आयातशुल्क, म्हणजे द्राक्षापेक्षा सरकारच जास्त पिणार. ती त्यांनी कळंगुटला उतरल्या दिवशी घेतली आणि तीन दिवस गाडीच्या डिकीत जपून ठेवली होती.

बाटल्या घेऊन सीमा ओलांडायची तर परवान्याचं लचांड. म्हणून मुक्काम गोव्यातच, पेडण्याला, आतेकडे.

आतेने फ्रिज माशांसाठी राखीव असल्याचं जाहीर केलं. मी माझ्या दोन बाटल्या पिशवीत घालून दोरीने विहिरीत सोडल्या. साडूभाऊंनी मात्र ठाम नकार दिला. रेड वाईन रूम टेम्परेचरलाच प्यायची असते म्हणे. असते, पण ती रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आतेच्या माजघरात तेव्हा तेहतीस होतं आणि लाईट जाण्याच्या बेतात होती.

त्यांच्या बाटलीचं बूच काचेच्या काठावर किंचित वर आलेलं, वरचं वेष्टणही फुगलेलं. ‘श्वास घेतेय ती,’ साडूभाऊ म्हणाले. मला ती धापा टाकतेय असं वाटलं, पण शिबिर त्यांनी केलं होतं.

बाटल्या जुन्या पेपरात गुंडाळून आकडे टाकले. काचेचे ग्लास दोनच, त्यातल्या एकात आतेचे दात. तेव्हा स्टीलचे पेले. साडूभाऊंच्या चेहऱ्यावर घरात कुणी आजारी असल्यासारखे भाव आले. तरी नाक पेल्यात खुपसून ते सांगू लागले: काळी मिरी, चामडं, सीडरचं लाकूड. मला पहिल्या पेल्यात खोकल्याचं औषध सापडलं. दुसऱ्यात तुरट, अर्धकच्चं जांभूळ, आणि काजूचं बोंड चावल्यावर जीभ कशी आखडते तसं. ते टॅनिन, साडूभाऊ म्हणाले. म्हणजे बोंडातही तेच असतं. त्यांच्याकडून मला पटलेली ही एकमेव गोष्ट. तिसरा पेला मला मनुकांच्या शिजवलेल्या पाण्यासारखा लागला, पण साडूभाऊ ‘आहा’ म्हणाल्यामुळे मीही वहीत ‘भारदस्त’ लिहिलं.

मधेच बांगड्याचं तिखलं आलं. बांगड्यावर रेडचा घोट घेतला आणि तोंडात लोखंडी खिळा धरल्याची चव आली. तांबड्या वाईनमधलं लोह आणि माशाचं तेल यांचं पटत नाही, हे शिबिरात दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. तुम्ही पहिल्या घासाआधी का नाही सांगितलंत, हे मी विचारलं नाही. नाती टिकवायची असतात.

‘खरे परीक्षक वाईन गिळत नाहीत, थुंकतात,’ साडूभाऊ सांगत होते, तेवढ्यात आते आली. पन्नास वर्षं ती कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, घालते. अर्ध्या पेडण्याचं आगळ तिच्या जिभेवरून पास होतं. तिने पहिल्या पेल्यातला थेंब तळहातावर घेतला, चाटला, दारात जाऊन माडाच्या आळ्यात थुंकली.

‘साखर ओतलेली आसा.’

दुसरा थेंब. थू. ‘ह्या बरा. तुरट आसा, पण खोटा नाय.’

तिसरा थेंब तिने दोनदा चाटला. साडूभाऊ पुढे सरकले.

‘ह्येका ऊन लागलाहा रे! खंय ठेवलं होतंस?’

पेपर सोडले. पहिली पोर्ट, दुसरी शिराझ, आणि ऊन लागलेली ती साडेसोळाशेची चिली. डिकीत तीन दिवस तापून आतली वाईन फुगली आणि तिने बूच वर ढकललं. साडूभाऊ बराच वेळ डिकीच्या किल्लीकडे बघत बसले. आतेने उरलेल्या वाईनचा शिर्को (व्हिनेगर) होईल म्हणून ती बरणीत ओतली आणि बाटली घासून पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी निघालो. सीमा ओलांडून बांद्याच्या पुढे आलो तर गाडी थांबवली. खाकीतल्या माणसाने मागच्या सीटवरचा पेपरचा पुडका उलगडला. आत चिलीची बाटली, तोंडापर्यंत गर्द लाल. साडूभाऊंच्या घशातून आवाज फुटेना. मी ‘आगळ आहे, आतेचं’ म्हणालो ते मलाच खोटं वाटलं.

त्याने बूच काढलं, वास घेतला, तळहातावर थेंब पाडून चाटला आणि बाजूच्या गवतात थुंकला.

‘मीठ बरोबर पडलाहा,’ तो म्हणाला. ‘घरचा मां?’