वस्तीचा विकास करायचाय? आधी फ्लेक्स छापा

वस्तीचा विकास करायचाय ना? मग पहिली गोष्ट, वस्तीत जाऊ नका. जुन्या नाशकातल्या गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, शिवाय लोक आपापल्या कामात असतात. गंगापूर रोडला एसी हॉल घ्या. भद्रकालीतल्या बायका रिक्षा बदलून येतील. भाडं त्यांचं, बुडालेला दिवसही त्यांचाच. अनुदानाच्या प्रस्तावात 'लोकसहभाग' नावाचा रकाना असतो, तो असाच भरायचा असतो.

फ्लेक्सवर 'उपजीविका', 'उद्योजकता' आणि 'सलोखा' हे तीन शब्द हवेतच. वर मान्यवरांचे फोटो, बाजूला लोगो. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना तळाशी 'व समस्त महिला भगिनी' एवढी जागा पुरते.

प्रशिक्षक पुण्याहून आणा. नाशिकचा असला की त्याला कुणीतरी ओळखतं.

अशा एका कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसलो होतो. प्रशिक्षकांनी विचारलं, "ताई, नफा म्हणजे काय?" पंचवटीतली एक हारवाली मावशी उठली. पहाटे गणेशवाडीत फुलं घ्यायची, दिवसभर गाड्यावर हार ओवायचे, हा तिचा धंदा. म्हणाली, "हारात काय साहेब, भांडवल निघतं. संध्याकाळी उरला झेंडू की पाकळ्या सुट्या करते, द्रोणात घालते, वर एक वात. रामकुंडावर जातात हातोहात. त्या द्रोणाचे जे येतील ते माझे. पाऊस आला तर तेही गोदामाईचे." साहेब म्हणाले, "व्हेरी गुड," आणि पुढची स्लाइड लावली. स्लाइडवर बलस्थानं-उणिवा-संधी-धोक्यांचं स्वॉट अ‍ॅनालिसिस होतं.

तुम्हीही तेच करा. अशी उत्तरं लिहून घेऊ नका, अहवालाच्या साच्यात बसत नाहीत. दुपारच्या सत्रात बचतीचं महत्त्व सांगा. समोर वीस जणींची भिशी चालवणारी बाई बसलेली असेल, जिचा एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. तिला तर आवर्जून सांगा.

आता कर्ज. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी २०२० मध्ये आली तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, वेळेत फेडलं की पुढचं २०,००० चं. योजना चांगली आहे, म्हणून तर तुमच्या अहवालात तिचं श्रेय तुम्ही घ्यायला हवं. मावशीला अर्ज भरून द्या, गाड्याला रंग द्या, गाड्यासोबत फोटो काढा. फोटो मात्र लगेच काढा. अतिक्रमणवाल्यांची गाडी कधी येईल याचा नेम नसतो. एका खिडकीतून गाड्यासाठी कर्ज मिळतं आणि दुसऱ्या खिडकीतून गाडा उचलण्याचा हुकूम निघतो. दोन्ही खिडक्या एकाच गावात असल्या तरी त्यांची एकमेकींशी ओळख असावी असा आग्रह धरू नये.

फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा प्रशिक्षणात चुकूनही घेऊ नका. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, जप्त केलेला नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत द्यावा लागतो. हे बायकांना कळलं तर त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत बसतील का? थेट कार्यालयात जाऊन फुलं मागतील. त्यापेक्षा 'सकारात्मक दृष्टिकोन' हे सत्र ठेवा.

राहिला सलोखा. हे काम सर्वांत सोपं. सणाच्या आधी शांतता समितीची बैठक होते, तिथं पुढच्या रांगेत बसा. दर वर्षीचीच मंडळी, तोच चहा, तीच 'नाशिकची परंपरा'. मावशी तिथं नसते, तिचा तो धंद्याचा वेळ. तिच्या गाड्याला लागून ज्याची गोटा-जरीची टोपली असते तो चाचाही नसतो. तो तिला हारांसाठी जरीचा माल महिनाभर उधार देतो, ती त्याला दर्ग्याच्या चादरीसाठी गुलाब राखून ठेवते. शहरात कुठं काही खुट्ट झालं की दोघं आधी एकमेकांना फोन करतात, उद्या गाडा लावायचा की नाही. गाव बंद राहिलं तर त्याचा जरीचा माल टिकतो, हिची फुलं सडतात. त्या आठवड्याची उधारी तो मागत नाही. याला सलोखा म्हणू नका. याचं इतिवृत्त नसतं, सह्या नसतात.

आणि शांततेत न्याय मिसळू नका, मिश्रण फाटतं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारांशी बाबासाहेबांचे सत्याग्रही शांततेनंच गेले होते. दारं बंद होती. तेव्हाही 'गावाची शांतता बिघडेल' असं म्हणणारे असतीलच की. आज त्यांचे वारस हळहळत माल्यार्पण करतात. तुम्ही माल्यार्पणापाशी थांबा.

माल्यार्पणावरून आठवलं. समारोपाला मान्यवरांसाठी अकरा हार लागतील. ते मावशीकडूनच घ्या, 'स्थानिक उद्योजिकेला बाजारपेठ' असं लिहिता येतं. गाडा उचलून नेला असेल तर घरी जा, ओट्यावर बसून ओवत असेल. भाव करा, एक हार वर घ्या. पैसे विचारले तर सांगा, "मावशी, दुसरा हप्ता आला की." तिला वाटेल कर्जाचा. वाटू द्या.