फांदी कुणाच्या रानात पडली?

बांधावरची बाभूळ एरवी कुणाचीच नसते. सावलीत ज्वारी पिवळी पडली की ती शेजारच्या आण्णांची, आणि सरपणाचा विषय निघाला की आमची. ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरला फांद्या घासू लागल्या, हार्वेस्टरवाला बांधाकडे बघून परत फिरला, की मे महिन्यात तोडणी ठरते.

"आण्णा, बांधावरच्या फांद्या उतरवू म्हणतो."

"उतरवा की. फक्त आमच्या रानात पाडू नका."

झाड बांधावर, फांद्या आण्णांच्या डोक्यावर. पाडायच्या कुठं, आभाळात?

शेजारी आंबा, चिंच किंवा जांभूळ असेल तर कोयता खाली ठेवा. ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आधी परवानगी. वरून विजेची तार गेली असेल तर आधी लाईनमन. तो येईपर्यंत बाभूळ आणखी वीतभर वाढते, पण वाट बघायचीच.

मग निघतो कटर, म्हणजे चेनसॉ. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं तेल, किती मिसळायचं, ते पुस्तकात लिहिलेलं असतं; पुस्तक खोक्यात असतं; खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली असते. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४०. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. साखळीच्या तेलाची टाकी निराळी. कटरचं टोक वाळक्या पानाजवळ धरून रेस केली की पानावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. साखळी ज्या लांब पट्टीवरून फिरते त्या पट्टीखाली ती लोंबायला नको, पण इंजिन बंद असताना हातमोजा घालून ओढली तर फिरायला हवी. पट्टीच्या वरच्या कडेचे दात टोकाकडे तोंड करून असतात. साखळी उलटी बसली तर मशीन बोंबलतं, धूर काढतं आणि लाकडाला नुसतं पॉलिश करतं. हे बसवणाऱ्याला सोडून सगळ्यांना आधी कळतं.

चोक लावून दोरी ओढायची. मशीन एकदा खोकलं की चोक काढायचा. नाही काढला तर पेट्रोल प्लगवर चढतं. मग प्लग खोला, पुसा, प्लगविना पाच-सहा वेळा दोरी ओढा. तोवर बांधावर सल्लागार जमतात. प्रत्येकाच्या मेव्हण्याकडे असंच मशीन असतं.

खरा घात मात्र तारेचा. जुन्या बांधावरची प्रत्येक बाभूळ कुणाच्या तरी आज्याचा कुंपणाचा खांब असते. सालीने तार गिळलेली असते, वरून दिसत नाही. कटर तिला लागला की ठिणगी उडते आणि सगळी धार जाते. जमिनीला टोक टेकलं तरी तेच. चिपांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून गोल कानस घ्यावी, प्रत्येक दाताला सारखेच घास मारावेत. एका बाजूला जास्त मारले तर काप तिरका जातो.

जाड फांदी एका कापात तोडायची हौस असेल तर बुंध्याची साल खालपर्यंत सोलून येते. बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश काप, मग दोन बोटं पुढं वरून. वजन उतरलं की उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगवट्याबाहेर कापायचा. पट्टीच्या टोकाने लाकडाला शिवू नये, मशीन उसळून तोंडावर येतं. ट्रॉलीत उभं राहून कटर चालवणं तर नकोच. उंच फांदीला लांब बांबूची आकडी बरी. या कामात मेंढपाळांचा हात कुणी धरणार नाही, आणि पाला त्यांच्या शेळ्या रात्रीत साफ करतात.

पडलेली फांदी ओढायला ट्रॅक्टर. ओढायची साखळी खाली, ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढपट्टीला. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या दांड्याच्या, जागी बांधली तर पुढची चाकं उचलतात आणि क्लच दाबायच्या आत ट्रॅक्टर मागं उलटतो. इथं विनोद संपतो. साखळी फांदीपेक्षा लांब हवी, गिअर पहिला, हिसका नाही. फांदीचं जाड टोक पुढं, शेंडा मागं. शेंड्याकडून ओढली तर प्रत्येक डहाळी जमिनीत नांगर धरते आणि आण्णांची मशागत फुकटात होते. त्याबद्दल ते आभार मानत नाहीत.

काट्यांचा ढीग मात्र कुणालाच नको असतो. कुंपणाला काट्या मागून नेणारी माणसं आता तारेची जाळी लावतात.

संध्याकाळी ट्रॅक्टर दारात उभा राहतो, ठणठणीत. सकाळी पुढचं डावं चाक बसलेलं असतं. बाभळीचा काटा टायरमध्ये बूच होऊन बसतो आणि रात्रभर सावकाश हवा सोडतो. दिसला म्हणून लगेच उपटू नये. आधी जागेवर खडूची खूण करावी. पंक्चरवाला ट्यूबला ठिगळ लावतो, पण टायरच्या आत मोडलेलं टोक चाचपून काढलं नाही तर तेच टोक नव्या ठिगळाशेजारी भोक पाडतं.

दुसऱ्या फेरीला पंक्चरवाला विचारतो, "कुणाच्या बांधावरचा काटा?"

आम्ही आण्णांचं नाव सांगतो.