गंजलेल्या ब्रेक पाइपला काळा रंग

मासळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपच्या ब्रेकचे तेल चाकांपर्यंत नेणाऱ्या गंजक्या पाइपांवर काळा रंग फासून 'काम झाले' म्हणणाऱ्या मंडळींना एकदा त्याच गाडीतून, भरल्या मालासकट, आंबा घाट उतरवायला हवा! क्रेटमधून ठिबकणारे खारट पाणी वर्षानुवर्षे चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ओघळते, पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपा आणि ब्रॅकेटच्या आड साचते आणि पोलादी पाइप नेमका तिथेच, नजरेआड, पापुद्रे सुटेपर्यंत कुजतो. मग गळला तेवढाच वीतभर तुकडा कापून जोड का मारायचा? उरलेला पाइप काय अमृत पिऊन आला आहे? नटला पाना लावावा तर त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो, ब्रॅकेटचा बोल्ट हात लावताच मोडतो आणि वर मालक विचारतो, "एक पाइप बदलायला एवढा वेळ?" ब्रॅकेट मिळत नाही म्हणून पाइप तारेने आवळला जातो, ती तार त्यालाच घासत राहते, हे कोण पाहणार? ८ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते, म्हणून दरवर्षी रंगाचा आणखी एक हात बसतो, इतकेच. तांबे-निकेलचा न गंजणारा पाइप यांना महाग वाटतो. टपावरच्या रंगीबेरंगी दिव्यांना मात्र पैसे कधीच कमी पडत नाहीत.