कप जिंकला आणि खाली गेले

मास्तरांनी नेहमीसारखी काडी टाकली, म्हणाले एफए कपाचा, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलच्या नॉकआऊट कपाचा, खरा सीझन बघायचा तर २०१२-१३, त्यानंतर कपात राम उरला नाही. झालं, वकील सरसावून बसला. त्याचं म्हणणं, अहो मास्तर तोच तर सगळ्यात वाईट सीझन, विगननं ११ मेला वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला हरवून कप उचलला आणि १४ मेला आर्सेनलकडनं ४-१ मार खाऊन सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमधनं एक पायरी खाली, तीन दिवसांत! एकाच सीझनला एफए कप जिंकून खाली जाणारी ती पहिलीच टीम. असला कप घेऊन काय त्यात पाणी प्यायचं?

बारक्या आमचा गोलकी, तो पेटलाच. "आरं पण हरवलं कुणाला ते बघ की! आदल्या वर्षीची लीग चॅम्पियन, पुढं आगुएरो आणि टेवेझ, मागं कोंपनी, आणि हे विगनवाले शेजारचे, मँचेस्टरला जाऊन बघून यायचे एवढंच."

ती मॅच आपल्याकडं पावणेदहाला रात्री लागलेली. विगनच्या मॅकमॅनमन नावाच्या पोरानं त्या दिवशी सिटीच्या क्लिशीला नुसतं नाचवलं, ८४ व्या मिनिटाला सिटीच्याच झाबालेटानं मॅकमॅनमनला पाडलं, दुसरं पिवळं कार्ड, झाबालेटा बाहेर. सगळ्यांना वाटलं आता एक्स्ट्रा टाईम. आणि मग इंज्युरी टाईममध्ये विगनच्या मलोनीचा कॉर्नर, जवळच्या पोस्टकडं त्यांचाच बेन वॉटसन सिटीच्या रॉडवेलच्या पुढं घुसला आणि डोक्यानं नुसता बॉल वळवला, सिटीचा गोलकी हार्ट बघत राहिला, १-०. बारक्याचं यावर स्वतंत्र मत आहे, की जवळच्या पोस्टवर माणूस मोकळा सुटला की गोलकी काही करू शकत नाही, हे तो प्रत्येक कॉर्नरच्या गोलनंतर सांगतो, स्वतः खाल्लेल्या सुद्धा.

वॉटसनचा पाय नोव्हेंबरमध्ये मोडलेला, कसाबसा मे पर्यंत परत आला आणि फायनलला ८१ व्या मिनिटाला बदली उतरला. आणि विगनचा मालक डेव्ह व्हेलन, तो १९६० च्या फायनलमध्ये ब्लॅकबर्नकडनं खेळताना ह्याच वेम्बलीच्या जुन्या मैदानावर पाय मोडून बाहेर गेलेला, तेव्हा बदली खेळाडू नव्हताच, ब्लॅकबर्न दहा जणांत ३-० हरलं. २०१३ ला टीम घेऊन तोच मैदानात चालत आला. कुणी हे रचून सांगितलं असतं तर आम्हीच त्याला हाकलला असता.

वकील मात्र पैशावर अडलेला. कपाचं बक्षीस १८ लाख पौंड, आणि पुढच्याच सीझनपासनं प्रीमियर लीगच्या टीव्हीचं नवं कंत्राट, त्यात शेवटच्या नंबरच्या कार्डिफला सुद्धा ६ कोटी पौंडांच्या वर मिळाले, म्हणजे विगननं कशावर पाणी सोडलं बघ. २०१५ ला अजून एक पायरी खाली, २०२० ला क्लबच दिवाळखोरीत. "हे सगळं त्या एका कपापायी."

इथं मला राहवलं नाही. कपामुळं गेले हे तुला कुणी सांगितलं? विगन दर वर्षी मे महिन्यात गटांगळ्या खातच वाचायचे, ह्या वेळी डिफेन्समधले जखमी होते आणि ३६ पॉइंटात कोण वाचतं? कप खेळले नसते तरी गेलेच असते, फक्त मोकळ्या हातानं. यावर वकील म्हणाला "पुरावा दे", तो कायम तिथंच येऊन थांबतो.

मास्तर म्हणाले नुसतं विगन काय धरून बसलाय, जानेवारीतला चौथा राऊंड आठवा. पाचव्या पायरीवरचं ल्यूटन, लीगच्या बाहेरचं, नॉर्विचच्या घरात जाऊन १-० जिंकलं. दुसऱ्या दिवशी ओल्डहॅमनं लिव्हरपूलला ३-२, लीड्सनं टॉटनहॅमला, आणि ब्रेंटफर्डकडं चेल्सी टोरेसच्या उशिरा आलेल्या गोलनं २-२ वाचली. बरोबरी झाली की मॅच परत खेळायची, तो रिप्ले होता म्हणून वाचली. विगन स्वतः त्याआधी तिसऱ्या राऊंडमध्ये बोर्नमथशी घरी १-१ आणि मग तिकडं जाऊन १-०. आता २०२४-२५ पासनं पहिल्या राऊंडपासनं पुढचे रिप्लेच काढून टाकलेत, मोठ्यांना दमायला होतंय म्हणे. इथं पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं, मिनिटभर.

मग बारक्यानं वकिलाला सरळच विचारलं. आपली पेठ आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर नॉकआऊट जिंकणार पण लीगमधनं खाली जाणार, देशील सही?

वकील म्हणाला, "फायनलला समोर कोण ते आधी सांग."

"कोण म्हणजे? पलीकडचीच पेठ."

"मग कशाला विचारतोस, आण कागद."