फिल्म चढत असताना काय?
‘ऑक्साइडचा थर २-३ नॅनोमीटरवर थांबतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या फिल्मला हवेची भीती नाही’ हे धातूच्या पातळ फिल्मवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं. फिल्म तयार झाल्यावर ठीक, पण निर्वात चेंबरमध्ये धातूची वाफ बसून ती चढत असताना? चेंबरमधला दाब टॉरच्या (बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ७६० टॉर) दहा लाखाव्या भागाइतका उतरवला तरी साधारण सेकंदाभरात वायूच्या रेणूंचा एक थर पृष्ठभागावर बसू शकतो. त्यात सगळ्यात चिवट पाण्याची वाफ.

मी भोसरीत रिफ्लेक्टरचं कोटिंग करतो. पावसाळ्यात चेंबरचं दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की आतल्या भिंती ओल धरतात, पंप खेचत बसतो, आणि घाईत फिलामेंट (धातूची वाफ करणारी तार) तापवलं तर चमक जाऊन पिवळट-करडी फिल्म हाती येते. तिथे ऑक्साइड २-३ नॅनोमीटरवर थांबतंय कुठे! शिवाय १५ नॅनोमीटरच्या फिल्ममधले दोन नॅनोमीटर ऑक्साइडमध्ये गेले तर विद्युतरोध वाढणारच, त्याचा लेखात उल्लेखही नाही.