हलक्या कानाच्या शूरवीरांसाठी काही टिपा

शोकांतिकेचा नायक व्हायचंय? मग आधी मोठे व्हा, आणि खरोखरचे मोठे. शेक्सपियरच्या नाटकातला ऑथेल्लो बघा, व्हेनिसचा सेनापती, तुर्कांचं आरमार निघालं की अर्ध्या रात्री सरकार त्याला शोधायला माणसं धाडतं. घाबरट माणसाचे कान कोणी भरले तर त्याचं नाटक होत नाही, सोसायटीची मीटिंग होते.

दुसरं, मनात एक दुखरी जागा जपा. ऑथेल्लोकडे तीन आहेत. आपला काळा रंग, दरबारी गोड बोलता न येणं आणि वय. तिसऱ्या अंकात तो स्वतःच मोजून दाखवतो, आणि वयाचं बोलल्यावर लगेच, तसं फार नाही म्हणा!

ऑथेल्लोचे कान भरणारा, त्याच्याच हाताखालचा माणूस म्हणजे इयागो. असा इयागो शोधायची गरज नाही. दर मजल्यावर एक मिळतो.

आता मुख्य टीप. इयागोला काही सांगू देऊ नका, अर्धवट सोडू द्या. ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ ऑथेल्लोच्या बायकोशी, डेस्डिमोनाशी, बोलून लगबगीने निघून जातो तेव्हा इयागो नुसतं पुटपुटतो, हे काही मला आवडलं नाही. काय म्हणालास? काही नाही साहेब. कॅसिओ प्रामाणिक आहे ना? प्रामाणिक, साहेब? बास, एवढंच, बाकीचं तुम्ही भरायचं. आमच्या साहेबांनी भरलंच की. माणूस कामाला वाघ, तालुक्याच्या शाळेतून इथवर स्वतःच्या जिवावर आलेला, पण इंग्रजीत प्रेझेंटेशन म्हटलं की घाम फुटतो, आणि ते कोणाला कळलंय का ह्यावर सारखं लक्ष. मागच्या महिन्यात प्रेझेंटेशन संपल्यावर मी चहाच्या मशीनपाशी हसत होते, भाच्याने मांजरीला शाम्पू लावला त्याचा व्हिडिओ होता, आणि टीममधल्या एका सद्गृहस्थांनी केबिनच्या काचेतून मला दाखवून म्हटलं म्हणे, "जाऊ द्या सर, लहान आहे ती." झालं. सोमवारी प्रोजेक्ट दुसऱ्याकडे. ऑथेल्लो पण असाच आडून बघतो, कॅसिओ हसत असतो आपल्या मैत्रिणीवरून, बियांकावरून, आणि ह्याला वाटतं आपल्या बायकोवरून. चारशे वर्षं झाली, सीन तोच!

पुरावा मागताना इयागोचा गळा धरा, डोळ्यांनी बघायचंय म्हणून ओरडा, आणि मग बायकोला दिलेला रुमाल कॅसिओकडे दिसला, एवढ्यावर भागवा.

नाटककार गो. ब. देवलांनी १८९० मध्ये ह्या माणसाला मराठीत आणला तेव्हा नाव ठेवलं झुंझारराव. झुंझार! रणांगणात झुंजतो हो, रुमालापुढे आडवा होतो.

पुरे आता टिपा. बिचारा भोळा होता, फसवला त्याला, हे ऐकून कान किटले. डेस्डिमोनाची दासी एमिलिया शपथेवर सांगते की बाईसाहेब निर्दोष आहेत, ते ह्याला पटत नाही. इयागोचं पटतं, कारण तो ह्याच्या मनातली भीतीच ह्याला परत ऐकवतो. डेस्डिमोना मरायच्या आधी म्हणते की बोलवा त्याला, विचारा त्याला. पण तोवर ह्याने कॅसिओला मारायची सुपारी इयागोलाच दिलेली! अख्ख्या नाटकात कॅसिओला सरळ प्रश्न विचारतो कधी, तर बायको मारून झाल्यावर. आधी विचारायला लाज वाटते, उत्तराची भीती वाटते, आणि तुमच्या लाजेपायी गळा तिचा आवळणार? आणि नंतर रडणार, की मी तिच्यावर फार प्रेम केलं?

सर, तुमची केबिन काचेची आहे. मी आठ फुटांवर बसते. दार ढकलून "काय गं, कशाला हसत होतीस?" एवढंच विचारायचं होतं, मांजर दाखवली असती मी तुम्हाला.