साठ ‘एसव्हीसीहोस्ट’ आणि एक घातक संदेश

गेल्या रविवारी माझ्या मावशीची भाषांतराची अकरा पाने गेली. सकाळपासून ती टंकत बसली होती, फाइल एकदाही सेव्ह केलेली नव्हती, आणि मध्येच नातेवाइकांच्या ग्रूपवर आलेला ‘संगणक वापरणाऱ्यांनो, सावधान’ हा संदेश वाचून तिने त्यातील सूचना एकेक करून पाळायला घेतल्या. हाच संदेश मला त्या आठवड्यात आणखी तीन ठिकाणांहून आला, आणि पाठवणाऱ्यांपैकी एकजण तर अभियंता आहे. तेव्हा आता उत्तर लिहिणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामांची यादी) उघडल्यावर ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नव्वद टक्क्यांहून अधिक प्रोसेसर खाताना दिसते, म्हणजे कोणीतरी तुमचा संगणक चोरून वापरत आहे. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची प्रोसेस एकच खरी असते, बाकीच्या सगळ्या व्हायरस असतात, त्या ‘एंड टास्क’ करून संपवाव्यात. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, निम्म्याहून अधिक भरलेली असेल तर संगणक गुदमरतो, म्हणून ती रोज रिकामी करावी आणि मोबाइलमधील अ‍ॅप झटकून टाकावीत. ‘पेजफाइल’ ही काही जीबींची कचऱ्याची फाइल आहे, ती बंद करावी. मुळात ऑपरेटिंग सिस्टिम (विंडोजसारखी, संगणक चालवणारी मूळ प्रणाली) हा कंपन्यांनी हेरगिरीसाठी मध्ये बसवलेला दलाल आहे, पूर्वीचे संगणक तिच्याशिवायच चालत. आणि शेवटी, संगणक रोज शट डाउन करावा म्हणजे तो ‘ताजा’ राहतो.

यातील एसव्हीसीहोस्टचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे आणि सर्वांत घातकही तोच आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

प्रोग्राम आणि प्रोसेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटकाची संहिता एकच असते आणि तिचे प्रयोग अनेक होतात, तसा प्रोग्राम डिस्कवर एका फाइलच्या रूपात पडून असतो आणि तो चालू केला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची एक प्रोसेस उभी करते, तिला स्वतःचा क्रमांक, स्वतःची मेमरी आणि प्रोसेसरच्या वेळेतील वाटा देते. एकाच फाइलच्या साठ प्रोसेस एका वेळी चालू असण्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने काहीही वावगे नाही. एका गावात एक प्रयोग चालू असताना दुसऱ्या गावात त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग लागला, तर त्याला कोणी तोतया म्हणत नाही.

एसव्हीसीहोस्टच्या बाबतीत तर अनेक प्रती चालवणे हाच मूळ हेतू आहे. आवाज, छपाई, नेटवर्कवरील पत्ता मिळवणे, घड्याळ जुळवणे, अपडेट तपासणे अशी पडद्यामागची कामे विंडोजमध्ये ‘सर्व्हिस’ म्हणून चालतात, आणि यांपैकी बऱ्याच सर्व्हिस स्वतंत्रपणे चालू न शकणाऱ्या फाइलींच्या स्वरूपात लिहिलेल्या असतात. त्यांना अंगाखांद्यावर घेऊन चालवणारा यजमान म्हणजे एसव्हीसीहोस्ट. ‘सर्व्हिस होस्ट’ या शब्दांचाच तो संक्षेप आहे. विंडोज २००० पासून ही व्यवस्था आहे. तेव्हा मेमरी महाग होती, प्रत्येक वेगळ्या प्रोसेसमागे काही मेमरी खर्ची पडते, म्हणून अनेक सर्व्हिस एकाच यजमानाकडे कोंबल्या जात. त्याचा तोटा असा की त्यांतील एक कोसळली की तिच्यासोबत राहणाऱ्या बाकीच्याही कोसळत, आणि नेमका दोष कोणाचा हे शोधणे कठीण होई.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये, हे बदलले. ३.५ जीबींहून अधिक मेमरी असलेल्या संगणकावर बहुतेक सर्व्हिसना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळू लागला. हे मी ऐकीव सांगत नाही. कंपनीच्या तांत्रिक दस्तऐवजात या बदलाचे स्वतंत्र पान आहे आणि त्यात कारणेही दिलेली आहेत: एका सर्व्हिसचा दोष दुसरीला बाधू नये, प्रत्येकीला तिच्यापुरतेच अधिकार देता यावेत, आणि कोणती सर्व्हिस किती प्रोसेसर व मेमरी घेते हे टास्क मॅनेजरमध्ये वेगवेगळे दिसावे. आज यादीत साठ-सत्तर ओळी दिसतात त्या या फारकतीमुळे. संदेशलेखक ज्याला रोगाचे लक्षण म्हणतो, ती रोग पसरू नये म्हणून केलेली तजवीज आहे.

आता मावशीने काय केले ते पाहा. तिने यादी नावानुसार लावली, पहिली ओळ ‘खरी’ म्हणून सोडली आणि दुसऱ्या ओळीपासून एंड टास्क करत निघाली. पहिल्या चार-पाच वेळा काही झाले नाही. मग संगणकाचा आवाज बंद पडला. मग एका ओळीपाशी विंडोजने तिला अडवले: ही सिस्टिमची प्रोसेस आहे, ती संपवल्यास विंडोज निरुपयोगी होईल किंवा बंद पडेल, सेव्ह न केलेले काम जाईल, तरीही पुढे जायचे आहे का? खाली एक चौकट होती आणि तिच्यात स्वतःच्या हाताने खूण केल्याशिवाय पुढचे बटण चालत नव्हते. इतका स्पष्ट इशारा वाचून कोणीही थांबले असते, पण त्या संदेशात आधीच लिहून ठेवले होते की ‘इशारा दिसला तर समजा व्हायरस घाबरला आहे, मागे हटू नका’. मावशीने खूण केली. पडदा निळा झाला, संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला आणि अकरा पाने गेली ती गेलीच.

संपूर्ण संदेशात माझा खरा राग या एका वाक्यावर आहे. बाकीची विधाने अज्ञानातून आली असतील. हे वाक्य मात्र वाचणाऱ्याला थांबवू शकणारा शेवटचा अडसर आधीच काढून ठेवते. २००२ मध्ये ई-मेलवर असाच एक संदेश फिरत होता, की तुमच्या संगणकात छोट्या अस्वलाचे चित्र असलेली एक फाइल आहे, ती व्हायरस आहे, लगेच पुसा. ती विंडोजचीच निरुपद्रवी फाइल होती, जावा प्रोग्रामांतील दोष शोधण्याच्या कामी येणारी, आणि लोकांनी ती मोठ्या उत्साहाने पुसली. तेव्हा निदान फारसे कोणाचे अडले नाही, कारण ती फाइल बहुतेकांना लागतच नव्हती.

या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. घातक प्रोग्राम एसव्हीसीहोस्टच्या आडोशाला लपतात, हे खरे आहे. काही जण नावातील अक्षरांची अदलाबदल करून ‘एससीव्हीहोस्ट’ असे काहीतरी नाव घेतात. २००८ च्या अखेरीस पसरलेला कॉन्फिकर हा घातक प्रोग्राम तर अस्सल एसव्हीसीहोस्टच्याच आत शिरून चालत असे. पण या दोहोंपैकी काहीही ओळी मोजून कळत नाही. नावावर उजवी क्लिक करून फाइलचे ठिकाण उघडावे. अस्सल फाइल विंडोजच्या फोल्डरमधील ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात असते, काही वेळा त्याच्या शेजारच्या ‘सिसवॉव६४’मध्ये. ती डाउनलोडच्या किंवा तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात सापडली तर शंका रास्त आहे. कॉन्फिकरसारखा प्रकार तर असा ठिकाण पाहूनही सापडणार नाही, त्यासाठी अपडेट आणि अँटिव्हायरस हेच उपाय आहेत.

‘सिस्टिम आयडल प्रोसेस’चे प्रकरण तुलनेने सोपे आहे, नावातच उत्तर दडलेले आहे. आयडल म्हणजे रिकामा. प्रोसेसरला एका क्षणी चालवण्यासारखे एकही काम शिल्लक नसेल तेव्हा वेळापत्रक सांभाळणाऱ्या भागाला काहीतरी हाती द्यावे लागते, म्हणून शून्य क्रमांकाची ही जागाभरू प्रोसेस ठेवलेली असते. तिची पाळी आली की प्रोसेसरला थांबण्याची आज्ञा मिळते आणि तो कमी विजेच्या अवस्थेत जातो. तिच्यापुढे ९५ दिसले तर त्याचा अर्थ ९५ टक्के वेळ शिल्लक आहे असा होतो. खरी काळजी त्या नावापुढे २ किंवा ३ दिसले आणि तुम्ही काहीच करत नसलात तर करावी. संदेशाने सांगितलेले लक्षण बरोबर उलटे आहे. दप्तरातील ‘शिल्लक’ या रकान्यालाच चोर ठरवण्याचा हा प्रकार आहे.

रॅमबाबत लाडक्या समजुती फार आहेत. मेमरी ही रिकामी राखून ठेवण्याची वस्तू असल्यासारखे लोक बोलतात, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी रिकामी मेमरी म्हणजे वाया चाललेली मेमरी. रॅममधून एखादी गोष्ट मिळवायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून तीच मिळवायला सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे लाखपट वेळ. फिरते भाग नसलेल्या एसएसडी डिस्कने हे अंतर खूप कमी केले, मिटवलेले नाही. म्हणून एकदा वाचलेली फाइल पुन्हा लागेल या हिशेबाने सिस्टिम ती मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवते, आणि एखाद्या प्रोग्रामने जागा मागितली की ही धरून ठेवलेली ‘पाने’ (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) तत्काळ सोडून देते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या गोंधळापायीच, २०१४ च्या ३.१४ या कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), ‘मोकळी’ आणि ‘उपलब्ध’ असे दोन वेगळे आकडे मिळतात, कारण पहिला पाहून लोक घाबरत आणि दुसरा हाच कामाचा असतो. ‘रॅम साफ’ करणारी साधने चालत्या प्रोग्रामांची पाने बाहेर ढकलतात, आकडा खाली आलेला दाखवतात, आणि पुढच्याच क्षणी ते प्रोग्राम आपली पाने परत मागू लागतात. आकडा उतरतो आणि त्यासोबत वेगही उतरतो.

मेमरी खरोखरच अपुरी पडू शकते, हे नाकारायचे कारण नाही. सर्व प्रोग्रामांना एका वेळी लागणारी पाने रॅममध्ये मावेनाशी झाली की सिस्टिमचा सगळा वेळ पानांची ने-आण करण्यातच जातो. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच या ‘थ्रॅशिंग’ची कारणमीमांसा मांडली आहे. त्यावर उपाय म्हणजे काही प्रोग्राम बंद करणे किंवा रॅम वाढवणे. टक्केवारीकडे पाहून रोज झाडू मारल्याने त्यात फरक पडत नाही. मोबाइलवरील अ‍ॅप झटकण्याबद्दल तर अ‍ॅपलचे क्रेग फेडरिगी यांनी २०१६ मध्येच एका ग्राहकाला ई-मेलवर नकारार्थी उत्तर दिले होते: बॅटरीसाठी याची गरज नाही. एखादे अ‍ॅप हँग झाले असेल तर ते जरूर बंद करावे. बाकीची गोठवून ठेवलेली असतात आणि जागा लागली की सिस्टिम स्वतःच त्यांना काढते.

पेजफाइलवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. रॅममध्ये सध्या न लागणारी पाने डिस्कवर उतरवून ठेवण्याची युक्ती मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकात १९६२ मध्येच होती, आणि ही फाइल म्हणजे त्याच युक्तीची जागा आहे. ती बंद केली की विंडोज प्रोग्रामांना एकूण किती मेमरीचे आश्वासन देऊ शकते ती मर्यादाच खाली येते, आणि मग रॅम वरकरणी शिल्लक दिसत असतानाही मोठे प्रोग्राम मेमरी नाही म्हणून बंद पडतात.

दलालाचा मुद्दा मात्र मला गंमतीचा वाटला, कारण त्यातील इतिहास खरा आहे. सुरुवातीच्या संगणकांना ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. प्रोग्राम लिहिणारा माणूस यंत्रासमोरची वेळ आधी राखून ठेवी, स्वतः छिद्रे पाडलेली कार्डे घालून प्रोग्राम चढवी, आणि तो हे करत असताना अतिशय महागडे यंत्र नुसते बसून असे. हा खोळंबा टाळण्यासाठी जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांनी १९५६ मध्ये आयबीएम ७०४ साठी एक प्रणाली तयार केली, जी एक काम संपले की आपोआप पुढचे चढवी. तिला पहिल्या ऑपरेटिंग सिस्टिमांपैकी एक मानतात, आणि लक्षात घ्या, ती यंत्र विकणाऱ्याने लादलेली नव्हती, वापरणाऱ्यांनी गरजेपोटी लिहिलेली होती.

हा मध्यस्थ दुबळा असला की काय होते, हे ज्यांनी विंडोज ३.१ किंवा अ‍ॅपलची २००१ पूर्वीची प्रणाली वापरली आहे त्यांना आठवत असेल. तिथे प्रोसेसर सोडायचा की नाही हे चालू असलेला प्रोग्रामच ठरवी, त्यामुळे एक प्रोग्राम अडकला की सगळा संगणक अडके. आज घड्याळाच्या ठोक्यासरशी प्रोसेसरचा ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत येतो, आणि डिस्क किंवा कीबोर्ड यांना थेट हात लावण्याची मुभा साध्या प्रोग्रामला नसते. त्याला कर्नेलकडे विनंती करावी लागते. हा दलाल उठवून लावला तर कोणताही खेळ तुमच्या बँकेच्या पासवर्डचे पान थेट वाचू शकेल. कंपन्या वापराची माहिती गोळा करतात याबद्दल तक्रार जरूर करावी, मी स्वतः करतो, पण ती सेटिंगमधील माहिती गोळा करण्याच्या पर्यायांबद्दल असावी.

राहिला रोज शट डाउन करण्याचा सल्ला. संगणक अधूनमधून नव्याने सुरू केल्याने चिकटून बसलेले दोष जातात, एवढे यातले बरोबर आहे. पण विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुतेक संगणकांवर आधीपासूनच चालू असते, आणि ती चालू असेल तर शट डाउन करताना कर्नेलची त्या वेळची स्थिती डिस्कवर जतन होते व दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. म्हणजे संदेशाप्रमाणे रोज इमानेइतबारे शट डाउन करणाऱ्याचे कर्नेल आठवडेच्या आठवडे तेच राहू शकते. ते खरोखर नव्याने उभे करायचे असेल तर त्याच मेनूतील ‘रिस्टार्ट’ निवडावे लागते, आणि ते निवडण्यापूर्वी फाइल सेव्ह करावी लागते.